तानशाकाठचं ऊन पाणी

मुलुंड, भांडुप, घाटकोपरमध्ये ‘तानसा पाइपलाइन’ ही पत्ता सांगायची खूण आहे. तानसा नदीवर १८९२ साली पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी या नळांतून मुंबईत येतं. त्याच नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला, गणेशपुरी आणि अकलोलीला जमिनीतून कढत पाणी वर येतं, हे मात्र रोज तो नळ ओलांडणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं.

इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, भूगर्भातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. असे झरे राजापूरपर्यंत सापडतात. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या गावांनी तर त्या ऊन पाण्याचंच नाव घेतलं.

इंग्लंडमधल्या बाथ गावाचंही तसंच. तिथल्या ४६ अंशांच्या झऱ्याची देवी सुलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं. अठराव्या शतकात श्रीमंत मंडळी तिथे हंगामभर मुक्कामाला येऊ लागली आणि त्यांच्यासाठी दगडी घरांच्या रांगा उठल्या. जेन ऑस्टिनही १८०१ ते १८०६ तिथे राहिली. बाथ वाढलं ते राहणाऱ्यांमुळे.

आपल्याकडे लोक देवदर्शनाला आले, कुंडात उतरले आणि संध्याकाळी घरी परतले. गणेशपुरीजवळच्या वज्रेश्वरीचं मंदिर चिमाजी अप्पांच्या नवसाचं, १७३९च्या वसईच्या विजयानंतरचं. म्हणून त्याला किल्ल्याची ठेवण, असं सांगतात. गणेशपुरीत राहणारे आले ते नित्यानंद स्वामींमागे. १९३६च्या सुमारास ते तिथल्या भीमेश्वराच्या देवळाजवळ स्थिरावले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर त्या रानातल्या वस्तीचं गाव झालं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं: या गावाला हवेल्या नाहीत, पण कुंडात कोणीही उतरू शकतो. बाथच्या रोमन हौदात आज कुणालाच उतरू देत नाहीत. १९७८ साली तिथल्या पाण्यात आजाराचे जंतू सापडले. आपल्या कुंडांत साबणाचा फेस आणि शाम्पूच्या पुड्या दिसतात तेव्हा म्हणूनच जीव तुटतो.

आईचे गुडघे धरले, तेव्हा तिला गणेशपुरीला नेलं होतं. तिनं पाऊल बुडवलं, ‘भाजतंय गं’ म्हणत मागे घेतलं, मग पुन्हा बुडवलं. अर्ध्या तासानं ती गुडघ्यापर्यंत पाण्यात होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सुनेच्या बाळंतपणाची हकिकत सांगत होती.