वजन, अंतर आणि भाव : घोड्यांच्या शर्यतीतील अंदाजाचे गणित

शर्यतीच्या दिवशी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक छोटी चौकट छापून येते. पहिल्या शर्यतीत अमुक पहिला, तमुक दुसरा, दिवसाची खात्रीची निवड तमकी. ज्याला पंचांग वाचता येत नाही तो ज्याप्रमाणे भटजींवर विसंबतो, त्याप्रमाणे बहुसंख्य लोक या चौकटीवर विसंबतात. ही निवड ज्या पत्रकावरून केली जाते ते रेसकार्ड मात्र कोणालाही वाचता येण्याजोगे असते. त्यातील आकडे बोलके असतात आणि त्यांच्यामागे एक शिस्तबद्ध विचार असतो. तो विचार समजून घेतला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोणता घोडा जिंकेल हे ओळखणे आणि त्या ओळखीतून पैसा मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

देशात शर्यतींची मान्यताप्राप्त मैदाने मोजकीच आहेत. मुंबई, पुणे, बंगळूरु, म्हैसूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि दिल्ली ही त्यांतील प्रमुख. गोव्यात असे मैदान नाही. घोडेस्वारीची जुनी परंपरा असलेल्या भोपाळमध्येही नाही. तेथे मध्य प्रदेश सरकारची अश्वारोहण अकादमी आहे, पण तिचा भर अडथळ्यांवरून उडी मारणे यांसारख्या क्रीडाप्रकारांवर आहे. मराठी वाचकाला जवळची मैदाने म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील. मुंबईचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असा चालतो. पुढील विवेचन या दोन मैदानांवरील पद्धतीला धरून आहे.

सर्वांना एका पातळीवर आणणारे वजन

रेसकार्डवर घोड्याच्या नावासमोर दोन आकडे महत्त्वाचे असतात : त्याचे मानांकन आणि त्याने वाहायचे वजन. हे वजन म्हणजे जॉकी आणि खोगीर यांचे एकत्रित वजन. ते कमी पडल्यास खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून भरून काढले जाते.

मानांकनानुसार घोड्यांचे पाच वर्ग पाडलेले असतात. पाचव्या वर्गात १ ते २६, चौथ्यात २० ते ४६, तिसऱ्यात ४० ते ६६, दुसऱ्यात ६० ते ८६ आणि पहिल्यात ८० व त्यावरील मानांकनाचे घोडे धावतात. मानांकनाच्या एका गुणामागे अर्धा किलो वजन, असा हिशेब असतो. तिसऱ्या वर्गाच्या एखाद्या शर्यतीत ६६ मानांकनाच्या घोड्याला ६० किलो वजन दिले, तर ५८ च्या घोड्याला ५६, ५२ च्या घोड्याला ५३ आणि ४६ च्या घोड्याला ५० किलो वजन येईल. याला ‘हँडिकॅप’ म्हणतात.

पोलोतही हाच शब्द आहे. भोपाळचे शेवटचे नबाब हमीदुल्ला खान हे नामांकित पोलोपटू होते. पोलोत प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार गोलांचे मानांकन मिळते आणि हँडिकॅप सामन्यात दुबळ्या संघाला काही गोल आधीच बहाल केले जातात. शर्यतीत तेच काम वजन करते. उत्तम घोड्याच्या पाठीवर ओझे वाढवून आणि सामान्याचे हलके करून सर्वांनी एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावे, असा हँडिकॅपरचा आदर्श असतो. म्हणजेच या शर्यतींत अंदाज कठीण व्हावा, अशीच मुळात रचना केलेली असते.

सर्व शर्यती अशा नसतात. इंडियन डर्बीसारख्या अभिजात शर्यतींत वजन समान असते. माद्यांना तेवढी थोडी सूट मिळते. पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने ती जिंकली. अशा शर्यतीत घोड्याचा मूळ कस बोलतो. हँडिकॅपमध्ये मात्र अंदाज बांधणाऱ्याने वेगळा प्रश्न विचारायचा असतो : हँडिकॅपरने ठरवलेल्यापेक्षा आज कोणता घोडा सरस आहे?

मागील कामगिरी कशी वाचावी

विजयातील अंतर घोड्याच्या लांबीत मोजतात. एक लांबी म्हणजे सुमारे अडीच मीटर. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावणारा घोडा एका सेकंदात सहा-सात लांबी अंतर कापतो. अनुभवी अभ्यासक एक ढोबळ नियम वापरतात : १६०० मीटरच्या शर्यतीत सुमारे एक किलो वजन म्हणजे एक लांबीचा फरक. अंतर कमी असेल तर एका लांबीसाठी अधिक वजन लागते, अंतर वाढले तर कमी पुरते. एखादा घोडा गेल्या खेपेस दोन लांबींनी हरला आणि आज त्याला विजेत्याच्या तुलनेत तीन किलोची सवलत मिळत असेल, तर कागदावर तरी पारडे फिरलेले असते.

कागदाला अर्थ येतो तो परिस्थितीमुळे. त्यासाठी काही गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट अंतराची. हजार-बाराशे मीटरचा धावपटू आणि दोन हजार मीटरचा चिवट घोडा यांची जातकुळी वेगळी असते. बाराशे मीटरच्या शर्यतीत शेवटी वेगाने पुढे येऊन चौथा आलेला घोडा चौदाशे मीटरवर अधिक आशादायक ठरू शकतो. निकालात दिसतो तो केवळ ‘चौथा’ हा शब्द.

दुसरी गोष्ट मैदानाची. मातीचा कठीणपणा पेनेट्रोमीटर या साधनाने मोजतात आणि तो आकडा जाहीर होतो. पुण्याच्या पावसाळी, भिजलेल्या धावपट्टीवर जिंकणारा घोडा महालक्ष्मीच्या कोरड्या जमिनीवर तसाच धावेल, याची हमी नसते.

तिसरी गोष्ट वर्गाची. वर्गांचे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, हे वर दिसलेच. ६३ मानांकनाचा घोडा तिसऱ्या वर्गात जड वजन घेऊन धावू शकतो किंवा दुसऱ्या वर्गात हलक्या वजनाने. प्रशिक्षकाने यांतील कोणता मार्ग निवडला, यावरून त्याचा विश्वास कशावर आहे याचा अंदाज येतो. लागोपाठ अपयशामुळे मानांकन घसरून घोडा खालच्या वर्गात उतरला असेल, तर तो थकला आहे की योग्य संधीची वाट पाहत होता, हा प्रश्नही विचारावा लागतो.

चौथी गोष्ट सरावाची. पहाटेच्या दौडींच्या वेळा प्रसिद्ध होतात. सहाशे मीटर अंतर किती सेकंदांत कापले, एवढे वाचून भागत नाही. घोडा सहज धावला की जॉकीने त्याला रेटले, हे त्या वेळेसमोर लिहिलेले असते आणि तेच अधिक मोलाचे असते.

याशिवाय आरंभीच्या फाटकातील जागा, जॉकी बदलला आहे काय, शिकाऊ जॉकीमुळे वजनात सूट आहे काय, प्रथमच झापडे लावली आहेत काय, असे बारकावे असतात. आतल्या कुंपणाजवळून धावणाऱ्याला वळणावर कमी अंतर पडते. पण तो इतर घोड्यांच्या मागे कोंडला जाण्याचा धोकाही तेथेच असतो.

अंदाजाचे टक्केवारीत रूपांतर

येथवरचे काम बहुतेक जाणकार करतात. पुढची पायरी बरेचजण गाळतात. ‘हा जिंकेल’ असे म्हणणे पुरेसे नाही. प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत मांडावी लागते आणि सर्वांची बेरीज शंभरच यावी लागते. जगभरच्या मैदानांवर लोकांच्या पहिल्या पसंतीचा घोडा साधारणतः तीनांपैकी एकाच शर्यतीत जिंकतो. म्हणजे सर्वांत खात्रीचा वाटणारा घोडाही जिंकण्यापेक्षा हरतोच अधिक. सहा घोड्यांच्या शर्यतीत एकाला तीस टक्के, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला वीस आणि उरलेल्या तिघांत मिळून पंचवीस, अशी विभागणी केली की ‘खात्री’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

भावाचा प्रश्न

आता पैशाचा हिशेब. टोट पद्धतीत सर्वांच्या पैजा एका निधीत जमा होतात. त्यातून ठरावीक कपात होते आणि उरलेली रक्कम विजेत्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते.

उदाहरणादाखल निधी एक लाख रुपयांचा आणि कपात वीस टक्के मानू. एका घोड्यावर पंचवीस हजार रुपये लागले आहेत. म्हणजे लोकमताने त्याची शक्यता पंचवीस टक्के ठरवली. तो जिंकल्यास ८० हजार रुपये २५ हजारांत वाटले जातील आणि प्रत्येक शंभर रुपयांमागे ३२० रुपये मिळतील. आता एका अभ्यासू माणसाने सर्व आकडे तपासून त्याच घोड्याला तीस टक्के शक्यता दिली आणि त्याचा अंदाज अगदी बरोबर आहे, असे समजू. गर्दीपेक्षा तो निश्चितच शहाणा. पण अशा शंभर शर्यतींत तो तीस वेळा जिंकेल आणि शंभर रुपयांच्या शंभर पैजांवर त्याच्या हाती येतील ९,६०० रुपये. त्याने लावलेले असतील १०,०००.

यात कर अजून धरलेला नाही. शर्यतींवरील पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शंभर रुपयांच्या पैजेसाठी खिशातून १४० रुपये जातात. वरील उदाहरणातील माणसाने १४ हजार रुपये खर्चून ९,६०० मिळवले, असे आता म्हणावे लागेल. केवळ बरोबरीत सुटण्यासाठी त्या घोड्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असायला हवी, जेव्हा बाकीचे जग ती २५ टक्के मानते आहे. त्यावर जिंकलेल्या रकमेला ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

कौशल्य, पण कोणासाठी?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. घोड्याची क्षमता, त्याचे प्रशिक्षण आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो आणि त्याचा अभ्यास करता येतो, हे त्यामागील तत्त्व. ते रास्तच आहे. वरील सर्व विवेचन त्याचीच साक्ष देते. करव्यवस्थेने मात्र शर्यत आणि कॅसिनो यांना एकाच रांगेत बसवले आहे. मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंचे दिवे रोज पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला या रांगेचा अर्थ वेगळा सांगायला नको. कॅसिनोतील चक्राचा अभ्यास करता येत नाही, शर्यतीचा येतो. पण दोन्हीकडे पैजेतून आधी वाटा निघतो आणि उरलेल्यात खेळणारे झगडतात.

म्हणूनच चौकटीतील ‘खात्रीची निवड’ वाचताना एक प्रश्न विचारणे हिताचे. ही निवड बरोबर असली, तरी तिचा भाव काय? निवड सुचवणाऱ्याला तो भाव छापता येत नाही, कारण शर्यत सुरू होईपर्यंत तो बदलत राहतो. निवड जितकी अधिक लोकांनी वाचलेली, तितका तिच्यावर पैसा अधिक आणि परतावा कमी. रेसकार्ड नीट वाचता येणाऱ्याच्या हाती यातून एक शहाणपण नक्की लागते : दिवसाच्या बहुतेक शर्यतींत खिशात हात न घालता, वजन आणि अंतर यांचे गणित मनाशी मांडत, घोडे नुसते पाहावेत. त्या पाहण्याला कोणताही कर नाही.