नातवंडाची सर्दी आणि सुजलेली पापणी

ओझर-निफाडकडची पौषातली थंडी बोचरी असते. आई-वडील कामावर गेले, की वाहत्या नाकाचे नातवंड आजी-आजोबांच्याच मांडीवर येते. बहुतेक सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. क्वचित ती सायनसपर्यंत पोहोचते आणि त्याहूनही क्वचित तिथला संसर्ग पुढे पसरतो. तो वेळीच ओळखणे मात्र घरातल्या जाणत्या नजरेवर अवलंबून असते.

चेहऱ्याच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या म्हणजे सायनस. दोन डोळ्यांमधील पोकळ्या जन्मतःच असतात. त्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते. म्हणूनच लहान मुलांत संसर्ग पसरलाच, तर बहुधा आधी डोळ्याकडे जातो. खोबणीत पू साचल्यास दृष्टी धोक्यात येते.

अशा वेळी ‘रांजणवाडी झाली’ किंवा ‘डोळे आले’ असे समजून थांबू नका. सर्दी-तापासोबत एका डोळ्याची पापणी सुजून लाल झाली, बुबुळ पुढे आल्यासारखे दिसले, डोळा फिरवताना दुखू लागला किंवा एकाची दोन दिसू लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. थोड्या मोठ्या मुलाच्या कपाळावरील मऊ, दुखरी सूज हाडातील संसर्गाची खूण असू शकते. १७६० मध्ये इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी तिचे वर्णन केले होते. तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, ताठरलेली मान, गुंगी किंवा झटके ही मेंदूपर्यंत संसर्ग गेल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके देतात, गरजेनुसार सीटी स्कॅन करतात; पू साचला असल्यास कधी शस्त्रक्रियाही लागते. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

सर्दी दहा दिवसांत मुळीच उतरली नाही, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवा. केवळ शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून प्रतिजैविक लागत नाही. मागच्या वेळचे उरलेले औषध तर देऊच नका. नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरू शकते. उकळत्या पाण्याची वाफही नको, भाजण्याची भीती असते. ॲस्पिरिन मुलांना वर्ज्य आहे. साधे सलाइनचे थेंब नाक मोकळे करण्यास पुरेसे असतात.

पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या लसी अशा काही जंतूंपासून संरक्षण देतात. सरकारी केंद्रांत त्या मोफत मिळतात. नातवंडाचे लसीकरण कार्ड आजच एकदा उघडून पाहा.