पाटीमागची माणसं

१७ मार्च २०२४ च्या रविवारी महाराष्ट्रातल्या शाळांच्या बाकांवर आजी-आजोबा पेपर सोडवायला बसले. 'उल्लास' या नावाने चाललेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची ही परीक्षा होती. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं, एकूण १५०. काही महिने आधी याच कार्यक्रमाच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता. शिकवण्याखेरीजच्या कामांनी आधीच कंबरडं मोडलंय, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. सगळा वाद निरक्षर कोणी शोधायचे यावर झाला. त्यांना अक्षर शिकवायचं कसं आणि ते कोणाला येतं, हे मात्र ना सरकारने विचारलं, ना संघटनांनी.

एके काळी हाच प्रश्न पहिला असे.

रात्रशाळा, कंदील, अनुदान आणि हजेरीपट यांची जुनी वर्षं इथे भराभर उलटायला हरकत नाही. २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमही त्याच वळणाने गेला. त्या पानांत थांबावं असं एक नाव चित्रा नाईक यांचं. राज्याच्या शिक्षण संचालकपदाचा अनुभव गाठीशी असलेल्या या बाईंनी १९७९ मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतून शाळाबाह्य मुलांसाठी खेड्यांत संध्याकाळचे वर्ग उघडले. दिवसा गुरं राखणाऱ्या मुलांना शिकवायला गावातलीच माणसं निवडली. पदवीचा हट्ट धरला नाही. ज्या खात्याचा कारभार आपण पाहिला, त्याच्याच नियमांबाहेर जाऊन काम करायला वेगळी छाती लागते.

खरा भर आला तो ५ मे १९८८ नंतर. राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, फेब्रुवारी १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाला आणि वारं इकडेही आलं. सिंधुदुर्गापासून लातूरपर्यंत जिल्हे कामाला लागले. पंधरा ते पस्तीस वयोगट, सुमारे दोनशे तासांचा अभ्यास, तीन भागांत वाचनपुस्तिका. कलापथकं गावोगाव फिरली, भिंती घोषणांनी रंगल्या. त्या दिवसांत कोण कुठून या कामात येईल याचा नेम नव्हता. मुंबईत रसायनशास्त्र शिकवणारे माधव चव्हाण झोपडपट्ट्यांमधल्या साक्षरता वर्गांत रमले, गाणी रचू लागले, दूरदर्शनवर साक्षरतेचा 'अक्षरधारा' हा कार्यक्रम करू लागले. वडील यशवंत चव्हाण कामगार चळवळीतले. त्यामुळे वस्ती या घराला परकी नव्हती. पुढे त्यातून 'प्रथम' ही संस्था उभी राहिली.

फलटणची गोष्ट त्याहून निराळी. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि भारताचं नागरिकत्व घेऊन तिथेच राहिल्या. एकाच गावात कोण कसं बोलतं, याचा अभ्यास करणाऱ्या बाईंना वस्तीतलं मूल वर्गात गप्प का बसतं हे कळायला वेळ लागला नाही. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलासमोर पुस्तक 'पाणी' ठेवतं आणि तो अडखळला की वर्गातले शिक्षक त्याला मठ्ठ ठरवतात. दलित वस्तीतल्या मुलांच्या वाचनवर्गांपासून सुरू झालेलं हे काम १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्थेत स्थिरावलं. आधी अख्खी मुळाक्षरं घोटा, मग बाराखडी, मग शब्द, ही वाट त्यांनी सोडली. मोजकी अक्षरं आणि मोजक्या मात्रा यांचा गट घ्यायचा आणि लगेच त्यांचे शब्द वाचायचे. 'क' आणि 'म' यांना एका कान्याची जोड दिली की 'काम' येतं, 'मका' येतो, 'मामा' येतो. 'ज्ञ' येईपर्यंत वाट बघण्याचं कारणच उरत नाही. वाडा तालुक्यात सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' या संस्थेत नीलेश निमकरांनी वाचनशिक्षणाचा हाच ध्यास पुढे नेला. त्यांचा आधीचा पिंड ग्राममंगल संस्थेतल्या कामावर पोसलेला होता.

म्हणजे रसायनशास्त्राचा अध्यापक, भाषाशास्त्रज्ञ, निवृत्तीत न रमलेली अधिकारी. साक्षरता हा त्यांचा मूळ धंदा नव्हता. आपापल्या विषयाचं कुतूहल घेऊन ते पाटीपर्यंत पोचले होते.

मोहिमांच्या त्या नव्वदच्या दशकाला सोन्याचा मुलामा द्यायचं मात्र कारण नाही. जिल्हे 'पूर्ण साक्षर' जाहीर करण्याची अशी काही चढाओढ लागली की १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाला मोहिमांची झडती घ्यावी लागली. कलेक्टर बदलला की कलापथकाची जीप थांबे. शिकलेलं टिकवायला पुस्तकं हवी होती. ती आलीच तर कपाटात कुलूपबंद राहिली. १९९१ मध्ये राज्यात साक्षरता सुमारे ६५ टक्के होती, २००१ मध्ये ती ७७ टक्क्यांजवळ गेली. यातलं मोहिमेचं किती आणि नव्याने शाळेत गेलेल्या पोरांचं किती, याचा हिशेब न मांडताच सत्कार उरकले. शिकवणाऱ्यांच्या वाट्याला फार तर एक प्रमाणपत्र.

आताच्या 'उल्लास' कार्यक्रमात तर शिकवणाऱ्यांना स्वयंसेवक हे नावच आहे, कामही विनामोबदला. सेवेला दाम नको, हे ठरवणारे मात्र पगारी.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा काढली. पोथी स्वतः वाचता यावी, एवढीच आज्यांची मागणी होती. गुलाबी लुगड्यांतल्या आज्यांचे फोटो परदेशांतही छापून आले. फळ्यापाशी उभी होती ती गावातलीच एक सून. तिची सासू समोरच्या ओळीत पाटी घेऊन बसलेली.