तैलचित्राचें आयुष्य

पाण्याचे रंग वाळतात म्हणजे त्यांतील पाणी उडून जातें, हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. तैलरंगाचा प्रकार मात्र निराळा. त्यांतील तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें आणि आरंभीं त्याचें वजन घटण्याऐवजीं वाढतें. खोबरेलांत हा गुण नाहीं. जवसाच्या तेलांत तो आहे. काचेवर जवसाचें तेल पातळ पसरून ठेविल्यास कांहीं दिवसांनीं त्याचा चिवट पापुद्रा बनतो. अशाच पापुद्र्यांत रंगाचे कण पक्के बसतात. बामियान येथील लेण्यांत सातव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या चित्रांतही वाळणारें तेल आहे, असें २००८ सालीं जाहीर झालेल्या परीक्षणांत आढळून आलें.

तेलाच्या या स्वभावांतूनच तैलचित्रणाचा मुख्य नियम निघतो: खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा. अधिक तेलाचा थर सावकाश वाळतो व पुढेंही लवचिक राहतो. त्यावर लवकर कडक होणारा थर चढविला, तर खालचा हालत राहतो व वरचा तडकतो. म्हणून चित्रकार प्रथम टर्पेंटाइननें पातळ केलेल्या रंगानें आराखडा मांडतो आणि नंतर थरागणिक तेल वाढवीत जातो.

फ्लँडर्समधील यान व्हान आइक यानें १४३४ सालीं रंगविलेलें आर्नोल्फिनी दांपत्याचें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. ओकच्या फळीवर पांढरा लेप देऊन त्यावर त्यानें पारदर्शक रंगांचे पातळ थर चढविले. प्रकाश त्या थरांतून आंत शिरतो व लेपावरून परततो. त्यामुळें सुमारें सहा शतकें लोटलीं, तरी त्यांतील स्त्रीचें हिरवें वस्त्र तेजस्वी दिसतें.

याउलट उदाहरण सर जॉशुआ रेनल्ड्स यांचें. १७६८ सालीं स्थापन झालेल्या रॉयल अकॅडेमीचे ते पहिले अध्यक्ष. १७६९ ते १७९० या काळांत त्यांनीं कलेच्या तत्त्वांवर पंधरा व्याख्यानें दिलीं. परंतु जुन्या आचार्यांची झळाळी झटपट साधावी म्हणून त्यांनीं तेलांत मेण, राळ, डांबर इत्यादि पदार्थ मिसळले. डांबर पूर्णपणें कधींच घट्ट होत नाहीं, म्हणून रंगाला भेगा पडल्या. चेहऱ्यांसाठीं वापरलेला तांबडा रंग उजेडांत उडाला आणि कित्येक व्यक्ति हयात असतांनाच त्यांचीं चित्रें फिकीं पडलीं.

रेनल्ड्स यांची प्रतिभा वादातीत होती; त्यांचा कलाविचारही उथळ नव्हता. तरीही त्यांच्या कांहीं चित्रांतील मूळ वर्ण आज कोणालाच पाहावयास मिळत नाहीं. कल्पना श्रेष्ठ आणि कारागिरी कनिष्ठ, असा भेद पुष्कळदां केला जातो. पण चित्रांतील कल्पना रसिकापर्यंत पोंचते ती रंगाच्या थरांतूनच. थर ढांसळला कीं तीही नाहींशी होते. म्हणून जाणता चित्रकार अखेरचा फटकारा मारल्यावरही घाई करीत नाहीं. वार्निश चढविण्यापूर्वीं तो निदान सहा महिने चित्राला हवा खाऊं देतो.