टंगस्टनचे टोक आणि कारागिराची छाती

मिरजगावसारख्या बाजारपेठेच्या गावात ट्रॉली, ग्रिल, दारे-खिडक्या जोडणारी वेल्डिंगची दुकाने सर्वांच्या परिचयाची आहेत. आमच्या तरुणांनी त्यापुढे जाऊन टिग वेल्डिंग शिकावे, असे आम्हांस वाटते. दुधाच्या स्टेनलेस स्टील टाक्या, औषध कारखान्यांचे पाइप यांना हेच जोडकाम लागते. १९४२ साली अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातील तंत्रज्ञ-प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती.

साध्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतः वितळून जोडात जातो. टिगमध्ये टंगस्टनचा रॉड फक्त आर्क धरतो. भर घालण्याची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते. टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून तो टिकतो. मात्र तापलेल्या टंगस्टनला हवा लागली की तो काळानिळा पडतो. त्यासाठी आर्गॉन वायूचे आवरण असते. आर्क बंद झाल्यावरही टोक निवेपर्यंत टॉर्च जोडावरून हलवू नये व वायू चालू ठेवावा.

स्टीलच्या कामासाठी टोक पेन्सिलीसारखे करावे. टोकाची लांबी रॉडच्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट असावी. घासल्याच्या रेघा रॉडच्या लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या आल्या तर आर्क भरकटतो. टोक वितळलेल्या धातूला टेकले तर काम थांबवून ते पुन्हा घासावे. टंगस्टनसाठी ग्राइंडरचा दगड वेगळा ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाल पट्ट्याच्या रॉडमध्ये थोरियम असते व ते किरणोत्सर्गी आहे. रॉड नुसता हाताळण्यात धोका अल्प. परंतु घासताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात बसते. म्हणून सोनेरी किंवा निळ्या पट्ट्याचा लँथेनमचा, अथवा करड्या पट्ट्याचा सेरियमचा रॉड मागून घ्यावा. घासताना चष्मा व धुळीचा मास्क लावावा, धूळ ओढून घेणारी सोय ठेवावी आणि धूळ झाडूने उडवू नये.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. विद्यार्थ्यांनी तेथे हात बसवावा. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. पोट भरणारा धंदा कारागिराचीच छाती पोखरणार नाही, ही दक्षताही आम्ही त्यातच मानतो.

जय भीम!