घेराचं गणित

हायस्कूलमधल्या मुलीला अंब्रेला घागरा शिवायचा असेल, तर आधी वर्तुळाची त्रिज्या काढावी लागते. कंबर २४ इंच असेल, तर तिला २π ने, म्हणजे ६.२८ ने भागायचं. त्रिज्या येते ३.८ इंच. कापडाची चौघडी घालून घडीच्या कोपऱ्यापासून तेवढ्या अंतरावर कंबरेचा कंस काढायचा आणि पुढे २० इंच लांबी धरून २३.८ इंचांवर घेराचा. अडचण इथे उभी राहते. सुती कापडाचा पन्हा ४४ इंच असेल, तर पुरं वर्तुळ त्यात बसत नाही, त्याला ४७.६ इंच लागतात. मग लांबी कमी करायची, जोड द्यायचा, की अर्धवर्तुळाचाच घेर करायचा? हा निर्णय तिचा तिने घ्यायचा. खालच्या कडेला साडेबारा फूट टीप मारायची आहे, पण लगेच नाही. घेराचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका येतो आणि तो स्वतःच्या वजनाने ओघळतो. म्हणून घागरा रात्रभर टांगून ठेवायचा, कड पुन्हा सारखी कापायची आणि मगच दुमडायची.

भूमिती, कापडाचा स्वभाव, खर्चाचा हिशेब आणि चुकलं तर उसवण्याची तयारी, हे सगळं या एका कपड्यात येतं. शिवणकामाला शाळेत मानाची जागा मिळावी, ती यासाठी.

पुणे परिसरात या विद्येला जुनी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना शिवण शिकवलं जाई, कारण त्यातून स्वतःच्या पायावर उभं राहता येत असे. मात्र पुढे शाळांमधून शिवण म्हणजे मुलींचा विषय, अशी समजूत रुजली. बाजारपेठेतल्या दुकानांत मशीनवर बसलेले शिंपी मात्र बहुतेक पुरुष! घरचं काम म्हणून शिवण मुलीकडे आणि कमाईचं कौशल्य म्हणून पुरुषाकडे, ही वाटणी शाळेनेच मोडायला हवी.

ती मोडण्याचा रस्ता पुणे जिल्ह्यातच तयार झाला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवावर भर दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून ते खेड्यात आले. त्यांनी आखलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. शिवण येतं गृह-आरोग्यात. चारही विभाग सगळ्यांना सारखेच असतात. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे सुई-दोरा हाती घेतात. कलबागांचा आग्रह आणखी एका गोष्टीचा होता: शिकता शिकता गावाला लागणारी कामं करायची आणि त्यांचा मोबदला घ्यायचा. समोर खरं गिऱ्हाईक असलं, की मुंडा घट्ट झाला तर तो ‘चालेल’ म्हणून सोडता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्याच मुळशी तालुक्याकडे या नजरेने पाहावं. हिंजवडी-माणचं आयटी पार्क, पिरंगुटचे कारखाने, धरणाकाठची पर्यटकांची निवासं आणि ताम्हिणीकडची भातखाचरं हे सगळं एकाच तालुक्यात आहे. कारखान्यांना ॲप्रन लागतात, निवासांना पडदे, अभ्रे, चादरी. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशवीची गरज तर प्रत्येक दुकानाला आहे. पौड किंवा पिरंगुटच्या एखाद्या शाळेने वर्षातून अशी एक ऑर्डर घेतली, तर कापड किती लागेल, किती वाया जाईल आणि शिलाई काय लावायची, हे मुलं स्वतः ठरवायला शिकतील.

धोरणही आता अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. गावातला शिंपी त्या दहा दिवसांत शाळेचा गुरुजी होऊ शकतो. पुढच्या वाटाही आहेत. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. बारावीनंतर खारघरच्या ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षणसंस्थेचा पर्याय आहे. तिथल्या डिझाइन पदवीच्या प्रवेशात दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवून दाखवण्याचीही परीक्षा असते. ज्या मुलांनी शाळेत कागदी कटिंग केलं, पन्ह्यावर तुकडे बसवून पाहिले, त्यांना ती परकी वाटणार नाही.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. काही पायमशीन, एक लांब टेबल, इस्त्री, मापाच्या टेप, तेल-बॉबिनची निगा राखणारं माणूस आणि वेळापत्रकात हक्काचे सलग तास एवढं पुरे. कामाला गुण हवेत आणि ते तयार कपडा उलटा करून, आतली शिलाई पाहून द्यायला हवेत. मुळशीच्या शाळांनी हा वर्ग मुला-मुलींसाठी एकत्रच सुरू करावा. यातले सगळे शिंपी किंवा फॅशन डिझायनर होणार नाहीत, पण माप घेऊन, विचार करून, कात्री चालवण्याचं धाडस सगळ्यांच्या अंगी येईल.