गाळाने भरलेल्या तलावाचे भवितव्य
बहरीनमधील हमद टाउनच्या लौझी तलावासारख्या जलाशयाचा विचार करताना, जेथे वर्षाकाठी जेमतेम 80 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बाष्पीभवन त्याच्या कित्येक पट होते, तेथे उथळपणा हाच मुख्य शत्रू होय, हे प्रथम ध्यानी घ्यावे. कारण गाळाने खोली घटली की पाणी लवकर तापते, त्यातील प्राणवायू घटतो, क्षार वाढतात आणि शेवाळ माजते. गाळ उपसावा, की तलाव बुजवून बाग करावी? या दुसऱ्या मार्गाचे उदाहरण पुण्यात आहे: पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या तलावाच्या जागी आज सारसबाग आहे. मरुभूमीत, जेथे स्थलांतरित पक्ष्यांना गोडे पाणी दुर्मिळ, तेथे हा मार्ग मला मान्य नाही; मात्र उपशाचा हुकूम काढण्यापूर्वी गाळातील जड धातूंची तपासणी करून तो कोठे टाकावयाचा, याचा बंदोबस्त अवश्य व्हावा.